रात्रपाळी, बांधलेला पेशंट आणि सकाळी मागितलेली सही

रातराणी_नेरूळ

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. आधी आयसीयू केलं, आता नवी मुंबईतल्या एका खाजगी मानसोपचार रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नाव विचारू नका, सांगणार नाही. पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत.

परवाच्या नाइटला मी, एक एएनएम (साहाय्यक नर्स) आणि एक मामा (वॉर्डबॉय), एवढेच. दुसरे मामा गावाला गेलेले. दुपारी दाखल झालेला एक तरुण मुलगा, मॅनियात, म्हणजे मूड आणि ऊर्जा बेफाम चढलेल्या अवस्थेत. जोरजोरात भाषण चालू होतं तोवर ठीक होतं, पण साडेअकराच्या सुमाराला शेजारच्या कॉटवरच्या आजोबांच्या अंगावर धावून गेला. सरांना फोन केला. सर म्हणाले, हॅलो-फिनर्गन (शांत करायचं इंजेक्शन) द्या, बांधा, मी सकाळी बघतो. दिलं, बांधलं. तासाभरात पोरगं गाढ झोपलं. मी म्हटलं, आता सोडूया. एएनएम म्हणाली, ताई, परत उठला तर आपण तिघंच आहोत, राहू दे सकाळपर्यंत. सरांना परत फोन लावला, उचलला नाही. मग मी एकेक करून हातपाय सोडले आणि कॉटशेजारी खुर्ची टाकून बसले. नोट्समध्ये सगळं वेळेसकट लिहिलं. दुसरा फोन उचलला गेला नाही, हेसुद्धा.

सकाळी ऑफिसातून बोलावणं. ते पान काढून नवीन लिहा, त्यात डॉक्टरांनी रात्री पेशंटला प्रत्यक्ष तपासून ऑर्डर दिली असं येऊ दे, आणि खाली तुमची सही. मी नाही म्हटलं. तेव्हापासून माझा 'ॲटिट्यूड' खराब आहे आणि रोस्टरवर नाइटच नाइट आहेत.

मला विचारायचंय ते असं: फोनवरच्या ऑर्डरवर बांधलेलं चालतं का? माणसं कमी आहेत म्हणून बांधून ठेवता येतं का? आणि उद्या त्या मुलाच्या घरच्यांनी केस केली तर पहिली मान कुणाची?

घोडबंदरचा_वाटसरू

सरळ व्हिडिओ काढा आणि टाका सोशल मीडियावर. दोन दिवसांत सरळ होतील.

वाशीची_ट्यूटर

कृपा करून हे अजिबात करू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २४ प्रमाणे उपचार घेत असलेल्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, आणि गोपनीयतेचा हक्क मोबाइलमधल्या, कॉम्प्युटरमधल्या माहितीलाही लागू आहे. रुग्णालयाला धडा शिकवायच्या नादात त्या मुलाचा तमाशा व्हायचा, आणि गुन्हा धागाकर्तीच्या नावावर.

हल्ली मुली वॉर्डात रील करतात, मागे कॉटवर पेशंट दिसतो. वर्गात कितीदा सांगितलं तरी हसतात. असो, हे अवांतर.

कोर्टनाका_काळा_कोट

ठाण्याला प्रॅक्टिस करतो. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळापुढची (या कायद्याखालचे पेशंटचे हक्क आणि तक्रारी बघणारं मंडळ) थोडी कामं केली आहेत. हा सर्वसाधारण सल्ला समजा, वकीलपत्र नव्हे.

तुमच्या प्रश्नाला थेट लागू आहे ते याच २०१७ च्या कायद्याचं कलम ९७. एकांतात कोंडून ठेवायला पूर्ण बंदी आहे. बांधण्याला बंदी नाही, पण स्वतःला किंवा दुसऱ्याला होणारी अगदी तातडीची इजा टाळायचा तोच एक मार्ग उरला असेल तेव्हाच, आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने मंजुरी दिली असेल तरच. गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही. आणि तुमचा दुसरा प्रश्न कायदा करणाऱ्यांना आधीच सुचला होता: केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही, असं त्या कलमात शब्दशः आहे. तेव्हा मुलगा झोपल्यावर तुम्ही सोडलंत ते बरोबर, आणि एएनएमबाईंचं म्हणणं कितीही समजण्यासारखं असलं तरी कायद्यात बसत नाही.

नोंद करायची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्याची आहे: कसं बांधलं, का, किती वेळ. पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (उपचारांच्या निर्णयांत त्याला आधार द्यायला नेमलेला माणूस) चोवीस तासांच्या आत कळवायचं. शिवाय महिन्याभरातल्या अशा सगळ्या घटनांचा अहवाल मंडळाकडे जायला हवा. तुमच्या इथून तो जातो का, हे विचारून बघा एकदा. विचारल्यावर चेहरे कसे होतात तेवढं कळवा.

फोनवरची ऑर्डर: मध्यरात्री डॉक्टर हजर नसणं हे आपल्याकडचं वास्तव आहे. फोनवर मंजुरी दिली, ती तशीच फोनवर दिली म्हणून लिहिली आणि डॉक्टरांनी लवकरात लवकर येऊन तपासून सही केली, तर निदान बाजू मांडता येते. फोनवरची ऑर्डर 'प्रत्यक्ष तपासून' दिली असं लिहिलं की तो खोटा दस्तऐवज झाला, आणि त्यावर तुमची सही असली की त्यात तुम्हीही आलात. नाही म्हणालात ते उत्तम केलंत.

ब्रदर_कळवा

वकीलसाहेब, सगळं मान्य. पण हा कायदा लिहिणाऱ्यांपैकी एकानं तरी नाइट केली होती का? मी पुरुष वॉर्डात काम करतो. खांदा निखळलाय, चष्मे किती फुटले ते मोजायचं सोडून दिलं. सिस्टरनी सोडलं आणि तो मुलगा झोपून राहिला म्हणून आज त्या बरोबर. उठून त्यानं आजोबांचा डोळा फोडला असता तर याच धाग्यावर तुम्ही लिहिलं असतं की निष्काळजीपणा केला. बांधलं तर गुन्हा, सोडलं तर निष्काळजीपणा. आम्ही करायचं काय?

कोर्टनाका_काळा_कोट

राग रास्त आहे. म्हणून दोन गोष्टी.

अंगावर धावून येणाऱ्याला त्या क्षणी चौघांनी मिळून धरणं वेगळं आणि रात्रभर कॉटला बांधून ठेवणं वेगळं. पहिल्याला कुणाच्या ऑर्डरची वाट बघावी लागत नाही. स्वतःचं किंवा दुसऱ्याचं अंग वाचवायचा हक्क समोरचा माणूस मनोरुग्ण असला तरी टिकतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३६ मध्ये ते स्पष्ट आहे. शिवाय कृती सद्भावनेनं केली होती का, हेही कोर्ट बघतं. पण सद्भावना कोर्टात दिसायची कशी? त्याच रात्रीच्या कागदातून. दुसरा काही पुरावा नसतो.

आता वाईट बातमी, आणि ही मी ज्या ज्या नर्सला सांगतो तिला नवीन असते. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर संहितेचं कलम १०६ लागतं. त्यात नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला वैद्यकीय प्रक्रिया करताना घडलं असेल तर जास्तीत जास्त दोन वर्षं. बाकीच्यांना पाच वर्षांपर्यंत. आणि वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली ज्याची पदवी मान्य आहे आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव आहे तो. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी त्यात बसत नाही. म्हणजे एकाच कॉटपाशी, एकाच चुकीसाठी, डॉक्टरांना दोनची मर्यादा आणि नर्सला पाचची. तुम्ही विचारलं होतं पहिली मान कुणाची. पहिली कुणाची ते तपासावर ठरेल, पण जास्त कुणाची अडकू शकते ते हे असं आहे.

रातराणी_नेरूळ

हे खरंच माहीत नव्हतं. एएनएमला वाचून दाखवलं, ती म्हणाली पाणी दे आधी.

परिसेविका_निवृत्त

मुली, मी ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालयात होते, परिसेविका (वॉर्डची सिस्टर इनचार्ज) म्हणून निवृत्त झाले. १९०१ चं रुग्णालय आहे ते, साडेअठराशे खाटांचं. आमच्या लहानपणी कुणी वेडेपणा केला की "ठाण्याला पाठवा याला" म्हणायचे, आणि पुढे माझीच नोकरी तिथे लागली तेव्हा सासरी काय काय ऐकलं ते वेगळा धागा काढून सांगेन.

मी लागले तेव्हा १९१२ चा ल्यूनसी ॲक्ट होता. १९८७ चा कायदा प्रत्यक्षात १९९३ ला लागू झाला, आणि हा नवीन २०१८ पासून. मी निवृत्त होईतो वॉर्डाची पद्धत कायद्यापेक्षा सिस्टर इनचार्ज कोण आहे त्यावर ठरायची. हे खोटं नाही.

ब्रदरना सांगते. बांधावं लागतं, मीही ऑर्डरी घेऊन बांधलंय. पण बांधायची रीत असते आणि ती हल्ली कुणी शिकवत नाही. पाच माणसं लागतात, चार हातापायांना आणि एक डोक्याशी, आणि बोलायचं फक्त डोक्याशी असलेल्यानं. पाचजण एकदम ओरडले की पेशंट आणखी घाबरतो. ओढणी, साडी, सुतळी चालत नाही. कापूस घालून रुंद पट्टा, आत दोन बोटं गेली पाहिजेत. पालथं घालून कधीच नाही, श्वास अडकतो. इंजेक्शननंतर तर मान वळवून, डोकं थोडं वर. बोटं निळी पडतात का, गार पडतात का बघायचं. पाणी पाजायचं. लघवीला विचारायचं. दोन तासांत एकेक हात सोडून हलवायचा. आणि हॅलोपेरिडॉलनंतर मान वाकडी झाली, डोळे वर फिरले, जीभ जड झाली तर "नाटक करतोय" म्हणायचं नाही. ती औषधाची प्रतिक्रिया आहे, ताबडतोब डॉक्टर.

हे सगळं करायचं म्हणजे एक माणूस त्या कॉटजवळच लागतो. म्हणजे मनुष्यबळ वाचवायला बांधायचं म्हणणाऱ्यांनी हिशोब केलेलाच नसतो. नीट बांधलं तर माणूस जास्तच लागतो. कमी माणसांत बांधलं म्हणजे बांधून निघून गेले.

ब्रदर_कळवा

शेवटच्या परिच्छेदापुढे हात टेकले. आमच्याकडे बांधून निघूनच जातात. पाच माणसं मात्र मी एकाच वेळी फक्त पगाराच्या दिवशी पाहिलीत.

दोन_ध्रुव

मी पलीकडच्या बाजूचा. बायपोलर आहे, आता बरीच वर्षं ठीक आहे, ठाण्यातच नोकरी करतो. एका ठिकाणी मला बांधलं होतं. कुठे ते सोडा.

लोकांना वाटतं अपमान लक्षात राहतो. मला राहिला तो वेगळाच प्रकार. किती वेळ बांधणार हे कुणी सांगितलं नाही. समोर घड्याळ नव्हतं. मॅनियात डोकं इतकं पळतं की दहा मिनिटंसुद्धा रात्रभर वाटतात, आणि मला खरंच वाटलं की आता हे कायमचं. एक मावशी येऊन म्हणाल्या, "बारा वाजता सिस्टर येतील, तेव्हा एक हात सोडू." तेवढं वाक्य मिळाल्यावर मी ओरडायचा थांबलो. बारा वाजता त्या खरंच आल्या. इंजेक्शनचा गुण असेल, वाक्याचा असेल, मला दोन्ही हवेत.

बरा झाल्यावर मी माझा केस पेपर मागितला. कलम २५ प्रमाणे तो मागायचा मला हक्क आहे, तरी खूप टोलवाटोलवी झाली. शेवटी मिळाला. त्यात बांधल्याचा उल्लेखच नव्हता. "पेशंट व्हायोलंट, इंजेक्शन गिव्हन, स्लेप्ट वेल." माझ्या आयुष्यातली ती रात्र कागदावर नाहीच. म्हणून रातराणीताई, तुम्ही ते पान बदललं नाहीत याबद्दल त्या मुलाच्या वतीनं मी आभार मानतो. त्याला तुम्ही कदाचित आठवणारही नाही.

वाशीची_ट्यूटर

दोन_ध्रुव, तुमचा प्रतिसाद नाव न घेता वर्गात वाचून दाखवला तर चालेल का?

दोन_ध्रुव

जरूर. मावशींचं वाक्य गाळू नका.

ऐरोलीची_आई

विषय थोडा बाजूला नेते, रागावू नका. माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, वय पस्तीस. गोळी घेत नाही. गालात धरतो आणि बेसिनमध्ये थुंकतो. मी वरणात मिसळून देते. डॉक्टरांना माहीत आहे, ते नुसते हं म्हणतात. हे बेकायदेशीर आहे का? मी काय करायला हवं होतं? वडील नाहीत, मोठी मुलगी पुण्याला. तो चिडला की शेजारी दार लावून घेतात.

कोर्टनाका_काळा_कोट

ताई, तुमच्या दारात पोलीस येणार नाहीत, आधी ते मनातून काढा.

पण लपवून औषध द्यायला परवानगी देणारं कलम या कायद्यात नाही. कायद्याचं गृहीतक उलटं आहे: प्रत्येक माणसाला निर्णय घ्यायची क्षमता आहे असं धरूनच चालायचं, निदान काहीही असो. माहिती समजते, परिणाम कळतात, आपलं म्हणणं सांगता येतं, तर तो निर्णय त्याचा. आपल्याला चुकीचा वाटला म्हणून क्षमता नाही असं होत नाही. क्षमता खरोखरच नसेल तेव्हा नामनिर्देशित प्रतिनिधी आधार देतो. कलम ८९ खाली तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्यासाठी दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं हवं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. दाखल झाल्यावरही तिथे प्रतिनिधीनं दिलेली संमती तात्पुरती असते, दर सात दिवसांनी क्षमता पुन्हा बघायची असते.

घरात आईनं मिसळणं आणि वॉर्डात नर्सनं चहात मिसळणं यात मात्र मोठा फरक आहे. नर्सनं केलं तर तो व्यावसायिक प्रश्न होतो, आणि "नातेवाइकांनी सांगितलं" हे उत्तर पुरत नाही.

वाशीची_ट्यूटर

आई, कायद्याचं त्यांनी सांगितलं. मी व्यवहाराचं सांगते.

वरणातल्या औषधाचा धोका असा की तो अर्धं वरण टाकतो तेव्हा डोस किती गेला कुणालाच कळत नाही. पाहुण्यानं तेच वाढून घेतलं तर? आणि क्लोझापिनसारखं औषध असेल तर नियमित रक्ततपासणी लागते, पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात. ज्याला आपण औषध घेतोय हेच माहीत नाही तो दंड कशाला पुढे करेल? डॉक्टरांना "हं" वर थांबू देऊ नका. महिन्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा घ्यायची डेपो इंजेक्शनं असतात, त्यांच्याबद्दल विचारा. रोजची गोळी नको म्हणणारे कितीतरी जण महिन्याच्या सुईला हो म्हणतात, कारण रोजचं भांडण संपतं. तो नको का म्हणतो तेही विचारून बघा. वजन वाढतं, दिवसभर झोप येते, पुरुषांच्या काही तक्रारी असतात ज्या तो आईला सांगणार नाही.

रात्रीबेरात्री काही लागलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलतात.

ऐरोलीची_आई

त्या "काही तक्रारी" माझ्या कधी डोक्यातच आल्या नाहीत. भाच्याला सांगते त्याच्याशी बोलायला. शेजाऱ्यांनी एक केंद्र सुचवलंय, फोन केला की चौघं येऊन उचलून नेतात म्हणे. तीन महिने भेटायचं नाही.

कोर्टनाका_काळा_कोट

नको! "उचलून नेतो आणि तीन महिने भेटू नका" म्हणणारं केंद्र असेल तर आधी त्यांचं कलम ६५ खालचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. दाखल झालेल्याला भेटी, फोन यांचा हक्क आहे. जबरदस्तीनं गाडीत घालणं हा दाखल करायचा प्रकार या कायद्यात नाही, ते फौजदारीत बसतं.

धाग्यावरच्या नर्सेससाठीसुद्धा: नोंदणी नसलेल्या आस्थापनेत माहीत असून मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून काम केलं तर स्वतःला पंचवीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, कलम १०७. जॉइन होताना पगार विचारता तसं प्रमाणपत्रही विचारा. भिंतीवर लावलेलं असायला हवं.

घोडबंदरचा_वाटसरू

एवढे कायदे म्हणजे पेशंटचे लाडच आहेत. आमच्या गावाकडे अजून झाडाला बांधतात, कुणी काही म्हणत नाही.

परिसेविका_निवृत्त

तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला झोपडीला आग लागली. साखळदंडात होते म्हणून अठ्ठावीस जणांना पळता आलं नाही. साखळी घालायला बंदी अशी आली, बाबा. लाड म्हणून नाही. बातमी आली त्या दिवशी आमच्या ड्युटी रूममध्ये कुणी डबा उघडला नव्हता.

संपादक

वाटसरू, विषयाला धरून लिहा. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

ब्रदर_कळवा

मला एक खरा पेच विचारायचाय. वकीलसाहेब, ट्यूटरबाई, दोघांनी सांगा. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, हात कापून घेऊन आलेली. नाइटच्या सिस्टरला विश्वासात घेऊन सांगते की नात्यातला एक माणूस त्रास देतो, पण आईला सांगू नका, शपथ घ्या. सिस्टरनं शपथ घेतली. मग?

वाशीची_ट्यूटर

शपथ घ्यायचीच नसते, हे पहिल्या वर्षात शिकवावं लागतं. "तू सांगतेस ते मी उगाच कुणाला सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर काही जणांना सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी तुला सांगेन." एवढंच वचन द्यायचं.

मुलगी अठराच्या आतली आहे, त्यामुळे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं सक्तीचं आहे. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. इनचार्जना सांगितलं, आता त्यांचं ते बघतील, असं म्हणून सुटका होत नाही. मानसिक आरोग्याच्या कायद्यातल्या गोपनीयतेलाही अपवाद आहेतच, दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, जिवाला धोका.

पण कायदा पाळला म्हणजे काम संपलं असं मला वाटत नाही. तिनं एका माणसावर विश्वास टाकला आणि दुसऱ्या दिवशी पोलीस आले, हा तिचा अनुभव. त्यानंतर ती कुणाशी बोलेल का? म्हणून कळवताना तिच्याजवळ बसायला तीच सिस्टर हवी. रोस्टर बदलून तिला दुसऱ्या वॉर्डात टाकलं तर मुलगी परत एकटी. हे कुठल्याच कलमात नाही, आणि यासाठी मी मेट्रनशी भांडलेय.

कोर्टनाका_काळा_कोट

यात एकच भर घालतो. हात कापून घेतला म्हणून तिच्यावर गुन्हा नोंदवतील ही भीती अजून अनेक घरांत आहे, त्यापायी खोटी कारणं सांगतात, "काच लागली". आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच कलम ११५ प्रमाणे धरायचं असतं, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं दंड संहितेचं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत त्या रूपात राहिलेलं नाही. कॅज्युअल्टीच्या दारात हे कुणीतरी मोठ्या अक्षरात लावायला हवं.

रातराणी_नेरूळ

सगळ्यांचे आभार. खबर देते.

त्या मुलाच्या आईला फोन कुणी केलाच नव्हता. दिवसा सरांच्या समोर विचारलं, तेव्हा सर गप्प झाले, आणि मग स्वतःच फोन लावून सांगितलं. आई रडल्या, चिडल्या नाहीत. मुलाशीही सर बोलले, मी होते. तो म्हणाला, आजोबांना लागलं का? दुसरं काहीच विचारलं नाही.

माझं पान जसंच्या तसं आहे. मीटिंगमध्ये ब्रदरांचाच मुद्दा मांडला, की तिघांत नाइट चालवून आम्हाला बांधायला लावता आणि कागद आमच्याच गळ्यात. ऑफिसचं म्हणणं, माणसं मिळत नाहीत. पगार वाढवा, मिळतील, असं कोपऱ्यातून मामा म्हणाले. त्यावर चहा आला. रोस्टर अजून तेच आहे. लेखी तक्रार कुणाकडे करता येते?

कोर्टनाका_काळा_कोट

कलम २८ खाली सेवेतल्या उणिवांची तक्रार करायचा हक्क पेशंटला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला आहे. आधी प्रभारी अधिकारी, मग मंडळ, मग राज्य प्राधिकरण. नर्सला त्या कलमात जागा नाही. छोट्या खाजगी रुग्णालयात तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला वाचवणारा वेगळा कायदाही आपल्याकडे नाही, तेव्हा फार शूरपणा करा असं मी सांगणार नाही. पण कर्मचाऱ्यांच्या तुटवड्याबद्दल आणि त्या रात्रीच्या फोनबद्दल प्रशासनाला तारखेसह लेखी द्या, पोच घ्या, एक प्रत घरी ठेवा. पेशंटचं नाव त्यात नको, केस पेपरचा नंबर पुरे. केस पेपरची झेरॉक्स मात्र घरी नेऊ नका, गोपनीयतेत तुम्हीच सापडाल. आणि त्या आईंना, त्यांनी विचारलं तर, मोफत कायदेशीर मदतीचा त्यांचा हक्क सांगा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टातच आहे.

परिसेविका_निवृत्त

आणि एक जाड वही घाल. कुणाची परवानगी लागत नाही वही घालायला. उभ्या रेघा मारून रकाने कर: तारीख, केस पेपर नंबर, काय घडलं, आधी काय करून पाहिलं, ऑर्डर कुणाची आणि फोनवर की समोर, फोनची वेळ, ऑर्डर परत वाचून दाखवली का, दुसरं कोण ऐकत होतं, बांधल्याची वेळ, दर पंधरा मिनिटांची पाहणी, सोडल्याची वेळ, डॉक्टर येऊन सही केल्याची वेळ, घरच्यांना कळवल्याची वेळ. "आधी काय करून पाहिलं" हा रकाना मोठा ठेव. तो भरताना लक्षात येतं की काहीच करून पाहिलं नव्हतं.

ब्रदर_कळवा

हे मीही चालू करतो. रातराणी, तुमचं पान आखून झालं की फोटो टाका इथे.

संपादक

कोरं आखलेलं पान असेल तर टाका. भरलेलं पान नको, नावं खोडलेली असली तरी.

रातराणी_नेरूळ

कोरंच टाकते. रविवारी ऑफ आहे, चक्क.